कमकुवत जमिनीवरच्या इमारतीला कोणते पिअर लावावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिअर म्हणजे नेमकं काय? पाइलपेक्षा ते वेगळं असतं का?

काम एकच आहे. वरची माती भार पेलत नसेल, तर तो भार त्या मातीतून आरपार खालच्या भक्कम थरापर्यंत न्यायचा. नव्या बांधकामात याला सहसा पाइल म्हणतात. उभ्या इमारतीच्या पायाखाली नंतर घातलेल्या आधाराला पिअर म्हणण्याची रूढी आहे. पिअरमुळे माती सुधारत नाही, हे आधीच लक्षात घ्यावं. माती आहे तशीच राहते, फक्त इमारतीचं तिच्यावरचं अवलंबित्व कमी होतं. त्यामुळे ‘कोणता पिअर चांगला?’ हा प्रश्न मुळातच अर्धवट आहे. भक्कम थर किती खोल आहे, मध्ये काय आडवं येतं आणि वरून किती वजन उतरतं, या तीन गोष्टी कळल्या की निवड बरीचशी आपोआप होते.

भिंतींना तडे गेलेत. म्हणजे पिअर लागणारच का?

नाही. प्लास्टरच्या केसाएवढ्या भेगा, स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यातली आडवी भेग किंवा उन्हाने गच्चीखाली पडलेले तडे, यांचा पायाशी संबंध असेलच असं नाही. पाया खचत असेल तर तडा बहुधा तिरका जातो, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघतो आणि एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला बारीक असतो. त्याच बाजूची दारं अडकायला लागतात, फरशीला उतार येतो.

खचणं मोजायचं तर साधी पारदर्शक नळीची लेव्हल घेऊन प्लिंथच्या एकाच थरावर दर दोन मीटरला नोंद घ्यावी. दोन बिंदूंमधल्या खचण्यातला फरक त्यांच्यातल्या अंतराच्या १/३०० च्या आसपास गेला की भिंतींना तडे जाऊ लागतात. १/१५० पर्यंत गेला की सांगाड्यालाच धोका पोहोचतो. म्हणजे ६ मीटर अंतरात २० मि.मी. फरक आला की दुर्लक्ष करू नये.

त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा: खचणं अजून चालू आहे की थांबलं आहे? तड्यावर मोजपट्टी चिकटवून निदान एक ओला आणि एक कोरडा हंगाम नोंदी ठेवाव्यात. इमारत धोकादायक दिसत असेल तर मात्र वाट पाहू नये, आधी टेकू द्यावेत. पाण्याची पाइप, ड्रेनेज आणि छताचं पाणी कुठे जिरतं तेही याच काळात तपासावं. गळकी ड्रेनेज लाइन पायाखालची बारीक माती धुऊन नेत असेल, तर तिथे दहा पिअर ठोकूनही मूळ दुखणं तसंच राहतं.

मातीची कोणती तपासणी मागावी?

किमान दोन बोअर (मातीचे नमुने काढण्यासाठी यंत्राने पाडलेली खोल छिद्रं): एक खचलेल्या कोपऱ्याजवळ, दुसरं न हललेल्या बाजूला. फरक कशामुळे पडला हे दोन्हींची तुलना केल्यावरच कळतं. बोअर भक्कम थर लागला की तिथेच थांबवू नये, त्यात आणखी तीन मीटर तरी जावं. नाहीतर भक्कम म्हणून ज्यावर टेकवलं तो मऊ मातीवरचा पातळ पापुद्रा किंवा एखादा मोठा धोंडा निघतो.

बोअरमध्ये दर दीड मीटरला स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट घेतात. ६३.५ किलोचा घण सुमारे ७५ सें.मी. उंचीवरून पाडायचा, नमुना घेणारी नळी ४५ सें.मी. आत घालवायची आणि शेवटच्या ३० सें.मी.ला लागलेले ठोके मोजायचे. हा आकडा म्हणजे ‘एन’. चिकणमातीत एन २ च्या खाली असेल तर माती अतिशय मऊ, मुठीत दाबली की बोटांच्या फटीतून बाहेर येणारी. ४ पर्यंत मऊ, ८ ते १५ घट्ट, ३० च्या वर कठीण. वाळूत ४ च्या खाली अगदी सैल, १० पर्यंत सैल, ३० च्या वर दाट. दगडगोटे असलेल्या भरावात एन फसवा येतो, कारण नळी गोट्यावर आपटते आणि आकडा उगाच चढतो. म्हणून नुसता आकडा न पाहता वर आलेला नमुनाही पाहावा.

याखेरीज अहवालात भूजलाची पातळी, चिकणमातीचा फ्री स्वेल (पाण्यात ती किती फुगते), मातीचा सामू आणि विद्युत रोध या गोष्टी हव्यात. शेवटच्या दोन स्टीलच्या आयुष्यासाठी लागतात आणि बहुतेक अहवालांत नेमक्या त्याच गाळलेल्या असतात.

एका पिअरवर किती भार येतो, हे कसं काढायचं?

उदाहरणासाठी दोन मजली, भारवाही विटांच्या भिंतींचं घर घेऊ. २३० मि.मी. जाडीची ३ मीटर उंच भिंत, विटकामाचं वजन घनमीटरला २० किलोन्यूटन धरलं, तर मीटरमागे १३.८ किलोन्यूटन होतात (१० किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन). १२५ मि.मी. स्लॅबचे चौरस मीटरला ३.१, फरशी-प्लास्टरचा १, वापराचा भार २, मिळून ६.१. या भिंतीकडे २ मीटर रुंदीचा स्लॅब येत असेल तर १२.२. एका मजल्याचे २६, दोन मजल्यांचे ५२. त्यात प्लिंथ आणि पायाचे सुमारे १३ मिळवले की मीटरमागे ६५ किलोन्यूटन.

पिअर १.८ मीटर अंतरावर घेतले तर एकावर ११७ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास १२ टन. अंतर वाढवून पिअर कमी करायचा मोह होतो. पण दोन पिअरमधला पाया तेवढा भार तुळईसारखा पेलू शकतो का, हे आधी पाहावं लागतं. आरसीसी पट्टी-पाया १.५ ते २.५ मीटर सहज ओलांडतो. दगडी किंवा विटांच्या पायात सळई नसते, तिथे पिअर जवळजवळ घ्यावे लागतात किंवा आधी खालून आरसीसी बीम घालावा लागतो.

पुश पिअर, स्क्रू पिअर, मायक्रोपाइल: यातलं काय निवडायचं?

पुश पिअर म्हणजे साधारण ७० ते ९० मि.मी. व्यासाच्या स्टील नळ्यांचे मीटरभर लांबीचे तुकडे. पायाला ब्रॅकेट (पायाच्या तळाला धरणारा स्टीलचा आधार) बसवून, इमारतीच्याच वजनाचा रेटा घेऊन ते हायड्रॉलिक जॅकने एकामागून एक खाली दाबतात. भक्कम थर खोल असला तरी चालतो, कारण तुकडे जोडत जाता येतात. मर्यादा त्याच्या कार्यपद्धतीतच आहे. इमारत हलकी असेल तर पिअर भक्कम थराला पोहोचण्याआधीच पाया वर उचलला जातो. पत्र्याच्या छताचं एकमजली घर, ओसरी, जिना, कंपाउंड भिंत अशांना पुश पिअर घालू नये.

स्क्रू पिअरच्या दांड्याला २०० ते ३५० मि.मी. व्यासाची पेचदार पाती वेल्ड केलेली असतात. तो हायड्रॉलिक मोटरने फिरवून जमिनीत घुसवतात. इमारतीच्या वजनाची गरज नाही, म्हणून हलक्या बांधकामाला आणि नव्या बांधकामालाही हाच योग्य. ओढाचा भारही घेतो. कल्पना नवी नाही. अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याने १८३३ साली तिचं पेटंट घेतलं आणि १८३८ मध्ये थेम्सच्या मुखाजवळच्या मॅपलिन वाळूपट्ट्यावर दीपगृहासाठी असे स्क्रू बसवले. जिथे दगडगोटे, बांधकामाच्या राडारोड्याचा भराव किंवा वरच खडक आहे, तिथे पाती वाकतात किंवा दांडा पिळून तुटतो.

मायक्रोपाइल तिथे उपयोगी पडते. १०० ते ३०० मि.मी. व्यासाचं छिद्र ड्रिल करायचं, मध्ये जाड सळई किंवा केसिंग (स्टीलची नळी) ठेवायचं आणि तळापासून वर सिमेंट ग्राउट (सिमेंट-पाण्याचं पातळ मिश्रण) भरत यायचं. भार मुख्यतः ग्राउट आणि जमिनीच्या घर्षणाने उतरतो. इटलीत फर्नांदो लिझ्झी यांनी १९५२ मध्ये ही पद्धत काढली, तीही जुन्या इमारतींना आधार देण्यासाठीच. राडारोडा, धोंडे, खडक यांतून ती जाते आणि लहान यंत्र घरातल्या खोलीतही उभं राहतं. पण पाणी, चिखल, पंप, ग्राउट मुरायला लागणारे दिवस हे सगळं आलं. दोन मजली घराला ती बहुधा गरजेपेक्षा मोठी ठरते. जड इमारत किंवा गोट्यांचा भराव असेल तर मात्र दुसरा पर्याय शोधत बसू नये.

चौथा प्रकार म्हणजे काँक्रीटचे छोटे दंडगोल एकावर एक दाबत नेणं. कोरड्या घट्ट चिकणमातीत ते लवकर अडतात आणि काम झालं असं वाटतं. पुढे माती ओली झाली की तोच थर मऊ पडतो. तुकडे एकमेकांना जोडलेले नसतील तर पिअर सरळ उतरला की वाकडा, हेही कळत नाही. खचणारी इमारत धरायला आम्ही हा प्रकार सुचवत नाही.

पुश पिअर पुरेसा खोल गेला हे कसं ओळखायचं?

गेजवरून. जॅकच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ६५ चौ. सें.मी. आणि दाब २७ मेगापास्कल असेल तर रेटा सुमारे १७५ किलोन्यूटन होतो. वरच्या उदाहरणातल्या ११७ च्या हा दीडपट. प्रत्येक पिअर एकेकटा दाबताना निदान एवढा रेटा घ्यावा. मऊ थरातून जाताना काटा खालीच रेंगाळतो, भक्कम थर लागला की दर काही सेंटीमीटरला चढत जातो. काटा एकदम उडाला आणि शेजारच्या पिअरपेक्षा खोली दोन-तीन मीटरनी कमी असेल, तर तो धोंडा समजावा. काटा चढत असताना प्लिंथवरचा डायल गेज हलायला लागला, तर पिअर खाली जात नसून घर वर येतंय.

पहिल्या तुकड्याच्या तोंडाशी नळीपेक्षा किंचित मोठी कडी असते. ती मागच्या नळीसाठी सैल वाट करते, म्हणजे गेजवर बाजूच्या घर्षणाऐवजी टोकाचा प्रतिकार दिसतो. कडी नसलेली नळी वापरली तर मधली मऊ मातीच खोटा आकडा दाखवते.

आणि स्क्रू पिअरची ताकद?

टॉर्कवरून, म्हणजे फिरवायला लागणाऱ्या पिळाच्या जोरावरून. अंतिम क्षमता म्हणजे टॉर्क गुणिले एक गुणक. ३८ मि.मी. चौकोनी दांड्याला हा गुणक साधारण ३३ प्रति मीटर, ७३ मि.मी. गोल दांड्याला ३०, ८९ मि.मी.ला २३. दांडा जाड झाला की गुणक घटतो, कारण बराच टॉर्क दांडा आणि मातीच्या घर्षणात जातो. ११७ किलोन्यूटनला सुरक्षा गुणांक २ घेतला तर २३४ हवेत. त्याला ३० ने भागलं की ७.८ किलोन्यूटन-मीटर. एवढा टॉर्क क्षणभर दिसून उपयोगाचा नाही, शेवटच्या मीटरभर खोलीची सरासरी तेवढी यायला हवी.

पात्याचा पेच ७५ मि.मी. असेल तर प्रत्येक फेऱ्याला पिअर जवळपास तेवढाच खाली गेला पाहिजे. तो जागच्या जागी फिरू लागला की पाती माती घुसळतात, टॉर्क पडतो आणि ती जागा कायमची बिघडते. वेग मिनिटाला १० ते २० फेऱ्यांपेक्षा जास्त नको, वरून दाब सतत हवा. एन ४ च्या खालचा थर काही मीटर जाड असेल तर चौकोनी बारीक दांडा त्यात काडीसारखा वाकू शकतो. तिथे गोल जाड दांडा घ्यावा किंवा दांड्याभोवती ग्राउट भरावं.

भक्कम थर दीड-दोन मीटरवरच असेल तर?

मग स्टीलच्या भानगडीत न पडता पायाखाली टप्प्याटप्प्याने काँक्रीट भरावं. भिंतीची लांबी १ ते १.२ मीटरच्या गाळ्यांत वाटतात आणि शेजारचे दोन गाळे कधीच एकावेळी उघडत नाहीत. एका वेळी भिंतीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त पाया उघडा नसावा. काँक्रीट जुन्या पायाच्या तळापासून ७५ मि.मी. खाली थांबवायचं आणि दुसऱ्या दिवशी ती फट कोरडसर मॉर्टर ठोकून भरायची. ही फट नीट ठासली नाही तर सगळं काम होऊनही भिंत तेवढी खाली बसते. शेजारचा गाळा ठासणीनंतर एक दिवस गेल्याशिवाय खोदू नये.

खड्ड्यात पाणी येत असेल तर ही पद्धत बाद. इंग्लंडमधलं विंचेस्टर कॅथेड्रल पाण्याखालच्या पीटवर (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ थरावर) खचत होतं. पाणी उपसलं तर इमारत आणखी खचेल म्हणून विल्यम वॉकर या पाणबुड्याने १९०६ ते १९११ अशी वर्षं खड्ड्यांच्या काळोख्या पाण्यात उतरून काँक्रीटच्या पिशव्या रचल्या. तशी जागा आज असेल तर मायक्रोपाइल.

फुगणारी काळी चिकणमाती आहे. तिथे काय वेगळं करायचं?

तिथे खचण्याइतकंच फुगणंही धरावं लागतं. ओली झाली की ती पाया वर ढकलते, सुकली की सोडून देते. पिअरचं टोक किंवा पाती हंगामी ओलावा बदलतो त्या थराच्या पुष्कळ खाली असायला हवीत. नव्या बांधकामात अंडररीम्ड पाइल घेतात: तळाशी दांड्याच्या अडीचपट व्यासाचा फुगवटा, लांबी निदान ३.५ मीटर आणि तळापर्यंत सळई, कारण माती पाइलला वर खेचते. पाइलच्या माथ्यांना जोडणारा ग्रेड बीम जमिनीपासून ८० मि.मी. तरी वर ठेवावा. ही फट कोणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून माती किंवा खडी घालून भरून टाकतं आणि पहिल्याच पावसात बीम वर उचलला जातो. फट राहू द्यावी, बाजूने पातळ फरशी लावून झाकावी.

फक्त खचलेल्या कोपऱ्याला पिअर लावले तर चालेल?

कधी चालतं, पण उरलेली इमारत त्याच मातीवर वर-खाली होत राहते आणि कोपरा मात्र स्थिर. दोघांच्या सांध्यात नवा तडा जातो. बोअरमध्ये फक्त त्या कोपऱ्याखाली भराव किंवा जुनी विहीर निघाली, तर तेवढंच पुरे. फुगणारी माती सगळीकडे असेल तर निदान पूर्ण भिंतीला लावावेत, तेही सांधा नैसर्गिकपणे पडेल अशा जागी थांबवून.

आजूबाजूची जमीनच खाली जात असेल तर काय होतं, हे मेक्सिको सिटीत दिसतं. स्वातंत्र्यस्मारकाचा स्तंभ खोल पायावर उभा राहिला, भोवतालचं शहर खचत गेलं आणि स्तंभाच्या पायथ्याला १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या. शिवाय बसणारी माती पिअरला घासून खाली ओढते. नव्या भरावातून जाणाऱ्या पिअरवर हा ओढ भारात धरलाच पाहिजे.

घर पूर्ववत उचलता येतं का?

थोडंफार. पण आधी स्थिर करायचं, मग उचलायचा विचार. सगळे पिअर दाबून झाल्यावरच जॅक एकाच पंपाला जोडतात आणि २-३ मि.मी.च्या टप्प्यांनी उचलतात. प्रत्येक टप्प्यानंतर लेव्हल पाहायची, तड्यांवरच्या पट्ट्या पाहायच्या. तडे मिटायला लागले तर ठीक. नवा तडा उघडला किंवा दार अडकलं की तिथेच थांबून नट कसायचे. जुन्या तड्यांत मध्यंतरी कोणी सिमेंट भरलं असेल तर ते आधी काढावं, नाहीतर तेच पाचरीसारखं काम करतं. पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइपना लवचीक जोड द्यायला विसरू नये. उचलल्यावर पायाखाली पोकळी राहते, ती ग्राउटने भरतात.

काम चालू असताना सर्वात जास्त काय चुकतं?

ब्रॅकेट. पायाच्या बाहेर आलेला काठ छाटून ब्रॅकेट भिंतीच्या जितकं जवळ जाईल तितकं न्यावं, नाहीतर भार बाहेरून लागतो आणि नळी वरच्या मीटरभरात वाकते. याचसाठी तिथे जाड बाह्यनळी चढवतात. पायाचा तळ खडबडीत असेल तर ब्रॅकेट दोन टोकांवर टेकतं आणि पाया तिथून फुटतो. तळ घासून, न आकसणाऱ्या ग्राउटवर ते पूर्ण बसवावं.

दुसरी चूक म्हणजे सगळे खड्डे एकदम खोदणं. तिसरी, मायक्रोपाइल ड्रिल करताना गरजेपेक्षा जास्त माती बाहेर काढणं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिलेनियम टॉवरला आधाराच्या नव्या पाइल घालताना इमारत आणखी खचू लागली. २०२१ मध्ये काम थांबवावं लागलं आणि ठरलेल्या ५२ ऐवजी शेवटी १८ पाइलवर भागवलं. ग्राउटमध्ये पाणी जास्त, ही चौथी. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ असेल तर ग्राउटची घनता १.८९ च्या आसपास यायला हवी. साइटवर मड बॅलन्स या घनता मोजणाऱ्या साध्या तराजूने ती दोन मिनिटांत कळते.

खड्डे भरताना माती १५०-२०० मि.मी.च्या थरांत धुमसाने ठोकावी. सैल भरलं तर पावसाचं पाणी थेट पायाशी उतरतं.

स्टील किती वर्षं टिकतं?

साधारण जमिनीत गॅल्व्हनाइज्ड स्टीलचं डिझाइन ५० वर्षांसाठी करतात आणि गंजून जाणारी जाडी आधीच वजा धरतात. सामू ५.५ च्या खाली, विद्युत रोध १००० ओम-सें.मी.च्या खाली, कचऱ्याचा भराव किंवा पीट असेल तर ही जमीन गंजाची समजावी. तिथे उघड्या स्टीलऐवजी ग्राउटमध्ये बंद झालेली मायक्रोपाइल बरी.

काम संपल्यावर ठेकेदाराकडून काय घ्यायचं?

प्रत्येक पिअरचा क्रमांक दाखवणारा नकाशा, खोली, मीटरगणिक दाब किंवा टॉर्कची नोंद, पिअर ब्रॅकेटला कायमचा पक्का (लॉक) करतानाचा भार, गेजच्या कॅलिब्रेशनचा दाखला आणि कामाआधीच्या व नंतरच्या लेव्हल. मोठ्या कामात निदान एका पिअरवर डिझाइन भाराच्या दुप्पट भारापर्यंत चाचणी घ्यावी. एएसटीएम डी ११४३ हे अमेरिकी मानक ही दाबभाराच्या चाचणीची रूढ पद्धत. लेव्हलसाठी प्लिंथमध्ये चार-सहा पितळी खिळे ठोकून घ्यावेत, म्हणजे वर्षभराने त्याच बिंदूंवर पुन्हा मोजता येतं.